चार नंबरच्या वाफ्यातली हालचाल

साखराबाईंच्या खानावळीतला फोन जेवणाच्या पंगतीच्या बरोबर डोक्यावर, भिंतीतल्या कोनाड्यात होता. नांदेडची लाईन लागली तरी तिच्यात इतकी खरखर असायची की बोलणाऱ्याला ओरडावंच लागे. त्यामुळे कोणाच्या बहिणीचं कुठं जमतंय आणि कोणाचा बाप चाचणीच्या मार्कांवरून किती भडकलाय, हे वरणभाताबरोबर सगळ्यांच्याच ताटात पडायचं. कोणी कोणाचं मनावर घेत नसे. त्या सोमवारी मात्र घेतलं.

फोन करत होती आलिया. मूळची नांदेडची, लातूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची आणि खानावळीमागच्या पत्र्याच्या खोलीत राहायची. शिकवता शिकवता तिची पीएचडी चालली होती. फवारणीच्या औषधाचं विष जमिनीतल्या जिवाणूंना किती बाधतं, ते मोजायचं, असा विषय होता. त्यासाठी तिनं औसा रोडवरच्या साखराबाईंच्या वावरात चार वाफे आखले होते. एक नंबरला नुसतं पाणी, दोन नंबरला डब्यावर लिहिलंय तेवढं औषध, तीन नंबरला त्याच्या दुप्पट आणि चार नंबरला दहापट. दर आठवड्याला प्रत्येक वाफ्यातली थोडी माती पाण्यात कालवायची, ते पाणी पातळ करत करत न्यायचं, काचेच्या झाकणाच्या बशीत जिवाणूंच्या खाद्याचा खळीसारखा थर गोठवलेला असे, त्यावर त्या पाण्याचा थेंब पसरायचा, आणि अठ्ठेचाळीस तासांनी बशीवर किती ठिपके उगवले ते मोजायचे. एक ठिपका म्हणजे एका जिवाणूनं वाढवलेलं खटलं.

चार नंबरच्या वाफ्यात तीन आठवडे जवळजवळ काहीच उगवलं नव्हतं. जिवाणू मेले, प्रकरण संपलं, असं आलियानं वहीत लिहूनही टाकलं होतं. आणि चौथ्या आठवड्यात त्याच मातीतून ठिपक्यांचा नुसता भडिमार झाला. पाणी घातलेल्या वाफ्यापेक्षाही दहापट! तिनं पुन्हा माती आणली, पुन्हा मोजलं, तेच. शनिवारी तिसऱ्यांदा बश्या लावल्या आणि आता नांदेडच्या गाईड सरांना सांगितल्याशिवाय तिला घास जाईना.

"हॅलो सर! आलिया बोलतेय, लातूरहून! चार नंबरची ॲक्टिव्हिटी वाढलीय!"

तिकडून काहीतरी खरखरलं.

"अतिवृष्टी नाही, सर! ॲक्टिव्हिटी! ॲक्...हालचाल! जमिनीतली हालचाल वाढलीय!"

वरणाचे भुरके थांबले.

"हो सर, औसा रोडच्या! तीन आठवडे अगदी शांत होती! आता एकदम दहापट!... नाही सर, चूक नाही. दोनदा मोजलं मी!... आज दुपारी चार वाजता! चारला काय ते पक्कं होईल!... नाही, इथं अजून कोणालाच बोलले नाही. बरोबर आहे सर, खात्री झाल्याशिवाय उगीच बोभाटा नको!"

फोन ठेवून ती वळली तेव्हा तीस मुलं तीस घास हवेत धरून तिच्याकडं बघत होती. तिला वाटलं, आपण फारच ओरडलो. ती ओशाळली, "माफ करा हं," म्हणाली, आणि वही उचलून कॉलेजला निघून गेली.

त्या माफीनं उरलीसुरली शंका फिटली.

भूकंपाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. लातुरात जमिनीविषयीचं बोलणं कोणी हसण्यावारी नेत नसे. साखराबाई त्या पहाटेनंतर वर्षभर अंगणातच झोपल्या होत्या आणि अजूनही फळीवर स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचून ठेवत. पेले वाजले की पळायचं, एवढं त्यांचं शास्त्र. अशा घरात एक शिकलेली बाई, तीही रोज वावरातली माती उकरून नेणारी, फोनवर जे बोलली ते तीस जणांनी आपापल्या कानांनी ऐकलं होतं.

"मावशी," सुदर्शन नावाचा किनवटचा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम रोज मशीनवर माती बघतात ना?"

"हाव. काचंच्या नळ्या हायेत तिच्याकडं."

"मग चार वाजता हाय."

साखराबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "काय हाय?"

"भूकंप."

पुढचं सगळं आलियाला नंतर कळलं. सुदर्शन जिथं शिकायला जायचा तो भुजंग सरांचा क्लास गल्लीच्या टोकाला होता. तिथं डॉक्टर होण्यासाठी आलेली साडेतीनशे मुलं पत्र्याच्या शेडमध्ये मांडीला मांडी लावून बसत. बातमी दाराशी पोचली तेव्हा ती 'औशाला भूकंप' होती. शेवटच्या बाकापर्यंत जाईस्तोवर ती 'औशापासून लातूरपर्यंत, चार वाजून शून्य मिनिटं, मागच्याच्या दहापट' झाली. भुजंग सर नेमकेपणाचे भोक्ते. आकडा आणि वेळ दोन्ही मिळाल्यावर त्यांनी शंका घेतली नाही. त्यांनी फळ्यावर 'सर्वांनी मैदानावर' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मुलं जाता जाता एसटीडी बूथवर थांबली आणि घरोघर फोन गेले. किनवटला गेला, उदगीरला गेला. नांदेडलाही गेला, आणि तिथं एका मुलाचे वडील आलियाच्या गाईड सरांचे शेजारी निघाले.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलियाला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती उबवणपेटीच्या काचेतून बश्यांकडं बघत चार वाजायची वाट पाहत होती, तेवढ्यात शिपाई केरबा धापा टाकत आला.

"मॅडम, भाईर निघा! नांदेडहून तुमच्या सरांचा फोन आलता हापिसात. लातूरला मोठा भूकंप हाय म्हनून राहिले, हातातलं टाकून निघ म्हनं!"

"सरांनी स्वतः सांगितलं?"

"स्वतः! आवाज कापून राहिलता त्यांचा."

आता गाईड सर म्हणजे एका आकड्याची तीनदा खात्री केल्याशिवाय चहाला चहासुद्धा म्हणायचे नाहीत. त्यांचा आवाज कापतोय म्हणजे संपलंच. ती दाराकडं धावली, अर्ध्यातून परत फिरली, बारा बश्या तारेच्या टोपलीत रचल्या, त्यावर ओढणी घातली आणि टोपली पोटाशी धरून जिना उतरली. तीन वर्षांपूर्वी त्या पहाटे नांदेडलाही पलंग हलले होते, तेव्हा तिचे घड्याळजी अब्बा लालमहंमद गिऱ्हाइकांची सतरा घड्याळं उराशी धरून अनवाणी रस्त्यावर आले होते. अम्मीला हाक मारायचं मागाहून आठवलं. घराण्याचं वळणच तसं.

मैदानावर जत्रा भरली होती. क्लासची मुलं पुस्तकं घेऊन रांगेत बसली होती, कारण सरांनी रांग मोडू दिली नव्हती. कोणी गादी आणली होती, कोणी शिलाई मशीन. शेजारच्या धुरपताबाई घरातलं सगळं सोडून नुकतं विरजण लावलेलं दह्याचं मडकं घेऊन आल्या होत्या आणि ते हलू नये म्हणून मांडीवर धरून बसल्या होत्या. साखराबाईंनी तर खानावळच उचलून आणली होती. पौषातलं कोवळं ऊन, मोकळी हवा. माणसं भ्यालेली असली तरी भूक कोणाची मेली नव्हती. बाईंनी तीन दगडांवर घमेलं चढवून चुरमुऱ्यांचा सुशीला करायला घेतला होता.

"आलीस का पोरी! माझा जीव तुझ्यातच अडकलता," त्या आलियाला म्हणाल्या. "बस हितं."

"मावशी, कळलं कुणाला आधी?"

"म्हनं मोठ्या सायंटिस्ट बाईनं मशीनवर पाहिलं," साखराबाई तोंड उघडायच्या आत धुरपताबाई म्हणाल्या. "दिल्लीची हाय."

"दिल्लीची नाही, नांदेडची," मागून एक मुलगा म्हणाला. "तीन आठवडे जमीन गप होती. आता दहापट चालूय."

"काय चालूय?" आलियानं विचारलं.

"हालचाल, मॅडम. औसा रोडला. तिनं दोनदा मोजलं, चुकीचं न्हाई."

आलियाच्या डोक्यात कुठंतरी एक बारीक घंटा वाजली.

"चार वाजता पक्कं होणार," मुलगा पुढं म्हणाला. "आन वरून हुकूम हाय, बोभाटा करू नका."

घंटा आता देवळाची झाली. आलियानं एकदा त्या मैदानाकडं पाहिलं. गाद्या, मशीन, साडेतीनशे मुलं, कडेवरची लेकरं, मडकं. हे सगळं तिच्या एका फोननं घराबाहेर आलं होतं, आणि ती स्वतःसुद्धा. तिला वाटलं, आता खरंच भूकंप व्हावा आणि आपल्यापुरती जमीन दुभंगावी.

"मावशी," ती साखराबाईंच्या कानाशी लागली, "ती सायंटिस्ट मी आहे."

"मंग? ठावं हाय की मला."

"दुपारचा माझा फोन. मी जिवाणूंच्या हालचालीबद्दल बोलत होते. भूकंप वगैरे काही नाहीय."

साखराबाईंनी झाऱ्या तसाच धरला. आधी त्यांच्या चेहऱ्यावरचं भय गेलं, मग राग आला, आणि तो नीट बसायच्या आत त्यांना हसू फुटलं. पदरात तोंड घालून त्या गदगदा हलल्या. "आता गं बया! आन मी पेल्यांची उतरंड घेऊन पळाले की गं!" मग डोळे पुसून म्हणाल्या, "जा. भुजंग सरांकडं भोंगा हाय. समद्यांला सांग. लोकांला फुकट भेवात ठेवू न्हाई."

आलियाला वर्गात साठ मुलांपुढं बोलायची सवय होती, पण इथं सगळी गल्ली समोर बसली होती. भुजंग सरांनी तिचं ऐकून घेतलं आणि भोंगा देताना एवढंच म्हणाले, "मॅडम, आज माझा एक धडा बुडाला." त्यांच्या लेखी भूकंपापेक्षा ते मोठं होतं.

"ऐका सगळ्यांनी," आलिया म्हणाली. "भूकंप होणार नाहीय. चूक माझी झाली. जमिनीत हालचाल वाढलीय ती जिवाणूंची."

कोणीतरी ओरडलं, "जिवाणू म्हंजी काय?"

भुजंग सरांना उत्तर येत असलेला प्रश्न ऐकून गप्प राहणं जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी भोंग्यात तोंड घातलं. "जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया! एकपेशीय जंतू! दहापट वाढलेत!"

मग एका बाईनं पदर नाकाला लावला. शेजारणीनं बघितलं आणि तिनंही लावला. वाऱ्यानं जोंधळा लवावा तसे मैदानभर पदर, रुमाल, उपरणी नाकांवर चढत गेली.

"सुरतंची पलेगाची बिमारी!" धुरपताबाई मडक्यासकट उभ्या राहिल्या. "दोन सालामागं ऐकली हुती. आली का लातुरात?"

"नाही, नाही!" आलिया जवळजवळ रडकुंडीला आली. "हे चांगले जंतू असतात! तुमच्या त्या दह्यातसुद्धा कोट्यवधी आहेत!"

हे तिनं बोलायला नको होतं.

"माझ्या दह्यात?" धुरपताबाईंचा आवाज भोंग्याशिवाय शेवटपर्यंत गेला. "तीस सालं दही लावून राहिले मी! आजवर कुनी माशी दावली न्हाई त्यात, आन ही म्हनती किडं हायेत! ये, दाव मला एक किडा! दाव!"

आलियाला प्रबंधाची सहा पानी प्रस्तावना पाठ होती, संदर्भांसह. त्यातलं एकही वाक्य तिच्या उपयोगाला येईना. तेव्हा साखराबाई झाऱ्या घेऊनच मध्ये पडल्या.

"धुरपे, गप. दूध उकळून त्यात कडकडीत गरम असतानाच इरजण घातलं तर दही लागतं का?"

"कसं लागंल? इरजण मरतं की."

"मरतं म्हंजे जित्तं असतं. व्हय का न्हाई?"

धुरपताबाईंनी मडक्यात डोकावून बघितलं.

"तसं जमिनीलाबी इरजण असतंय," साखराबाई सगळ्यांकडं वळून म्हणाल्या. "ते जित्तं असलं तर शेणकुट, पाचोळा समदं मुरतं. आपण औषध मारतो किड्यावर, पन खाली इरजणाचं काय होतं ते ही पोरगी मोजून राहिलीय. हेच ना गं?"

"हेच, मावशी," आलिया म्हणाली. तिला तो सहा पानांचा मजकूर घरी जाऊन फाडावासा वाटला.

रुमाल एकेक करून खाली आले. आणि तेवढ्यात कोणीतरी घड्याळ बघून किंचाळलं, "चार वाजले!"

सांगून झालं होतं, पटलंही होतं, तरी सगळं मैदान श्वास धरून उभं राहिलं. मुलांनी पुस्तकं छातीशी घेतली. साखराबाईंनीसुद्धा घमेल्याचा कान धरला. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. कुठंतरी एक शेळी ओरडली, आणि मग कोणीतरी हसलं. त्यानंतर जे हसू सुटलं ते थांबेना. माणसं एकमेकांच्या पाठीत धपाटे घालून हसत होती. तीन वर्षं आत साठवून ठेवल्यासारखी हसत होती.

आलिया मात्र टोपलीकडं धावली. "चार वाजले! मला मोजायला हवं!"

"आम्ही मोजू का, मॅडम?" सुदर्शननं विचारलं.

बारा बश्या होत्या. तिनं मुलांचे बारा घोळके केले आणि सांगितलं, झाकण कोणी उघडायचं नाही, बशी पालथी धरायची आणि मोजलेल्या ठिपक्यावर मागून पेनाची टिकली द्यायची. टिकल्या द्यायला, रोज चार पर्यायांतून एकावर टिकली देणाऱ्या लातूरच्या क्लासच्या मुलांइतका तयार हात जगात नसेल. उन्हात बश्या धरून, जीभ बाहेर काढून मुलं मोजायला लागली.

"हाच बॅक्टेरिया?" एकजण बशीकडं टक लावून म्हणाला. "दोन वर्षं झाली व्याख्या पाठ करतोय. आज भेटला."

आकडे येऊ लागले. एक नंबर, तेवीस. चार नंबर, दोनशे एकतीस. पुन्हा दहापट! आलियानं आकडा वहीत लिहिला. तेवढ्यात सुदर्शन दोन बश्या शेजारी शेजारी धरून आला.

"मॅडम, एक विचारू? एक नंबरच्या बशीत पांढरे, पिवळे, गुलाबी, पसरट, टपोरे, असे अकरा तऱ्हेचे ठिपके हायेत. चार नंबरच्यात दोनशे एकतीस हायेत, पन समदे एकाच तऱ्हेचे. पिवळे. हे असंच असतं का?"

आलियानं बश्या हातात घेतल्या. ती दोन आठवडे आकड्याच्या आनंदात इतकी बुडाली होती की रंगाकडं तिनं बघितलंच नव्हतं. पहिल्या वाफ्यात अकरा जातींचा संसार होता. चौथ्यात बाकी सगळ्या मरून एक जात उरली होती, त्या विषालाही पुरून उरणारी, आणि मोकळं रान मिळाल्यावर तीच तेवढी फोफावली होती.

"म्हंजे," साखराबाई बशीत डोकावून म्हणाल्या, "गाव उठलं, आन एकाच घरानं समदे वाडे बळकावले."

"हो, मावशी. मी त्यालाच भरभराट समजत होते."

बोभाटा नको म्हणणारे गाईड सर किती बरोबर होते, ते तिला आत्ता कळलं. पण तो बोभाटा झाला नसता तर बश्या उन्हात आल्या नसत्या आणि तिनं दहापटीचा निष्कर्ष छापायला धाडला असता, हेही खरंच होतं. तिनं वहीतलं पान खोडलं आणि नव्यानं लिहायला घेतलं. सुदर्शनचं नाव तिनं पहिल्या ओळीत घातलं. सुशीला खाऊन, दही चाटून, दिवेलागणीच्या आत लोक गाद्या डोक्यावर घेऊन घरोघर गेले.

रात्रभर आलियाला एकच धास्ती होती, उद्या प्राचार्य बोलावणार. सकाळी ती कॉलेजात पोचली तर प्रयोगशाळेबाहेर खरोखरच रांग होती, आणि रांगेच्या तोंडाशी केरबा पाटी-पेन्सिल घेऊन उभा होता. प्राचार्य रांगेतच होते. त्यांच्याही हातात मातीची पिशवी होती.

"माझं तीन एकर आहे, गंगापूरच्या बाजूला," ते इकडंतिकडं बघत हळू आवाजात म्हणाले. "सवडीनं बघा. पण बघा."

आठ दिवसांत प्रयोगशाळेत मातीच्या चौऱ्याऐंशी पिशव्या जमल्या. क्लासच्या मुलांनी मोजणीचे वार वाटून घेतले. भांडणंही सुरू झाली. धुरपताबाईंच्या वावरातल्या मातीत नऊच जाती निघाल्या, आणि ज्यांच्या बांधाला बांध त्या साखराबाईंच्या मातीत अकरा.

"हिच्या वावरात माझ्यापेक्षा ज्यास्त हालचाल?" धुरपताबाईंनी मेजावर हात आपटला. "आसंच कसं? पुन्हा मोज! आन ह्या पोरांवर माझा भरवसा न्हाई, शिकलेला मानूस लाव."

नेमके त्याच वेळी भुजंग सर दारात उभे राहिले. त्यांची तिसऱ्या बॅचची पहिली चार बाकं आठ दिवस रिकामी होती आणि ते मुलांना कान धरून न्यायला आले होते. त्यांनी तोंड उघडलं, पण धुरपताबाईंनी त्यांच्या हातात बशी आणि पेन दिलं, आणि खुर्ची त्यांच्या गुडघ्यामागं सरकवली. सर बसले. एक बशी मोजून देऊ आणि निघू, असा त्यांनी हिशेब केला असावा.

तासाभरानं आलियानं पाहिलं तर सरांनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि बशी नाकाला टेकायची बाकी होती.

"मॅडम," ते मान वर न करता म्हणाले, "हे दोन ठिपके एकमेकांना चिकटलेत. एक धरायचा की दोन?"

"मलाही नक्की सांगता येत नाही, सर. तुम्हाला काय वाटतं?"

भुजंग सर विचारात पडले. दहा वर्षांत त्यांना असा प्रश्न कोणी विचारला नव्हता ज्याखाली चार पर्याय नव्हते. त्यांनी बशी उन्हाकडं धरली, फिरवली, पुन्हा धरली. लांबून त्यांच्याच क्लासची घंटा ऐकू आली.

"थांबा," ते घंटा ऐकून दाराकडं निघालेल्या मुलांना म्हणाले, "कोणी हलू नका. हललात की प्रकाश अडतो."